शंभर टक्के वसुली

मंडळात मला सगळ्या मंत्रीबाई म्हणायच्या. गुजरातेत बचत गटाला सखी मंडळ म्हणतात आणि त्यात दोन मानाच्या जागा असतात, प्रमुख आणि मंत्री. प्रमुख म्हणजे जिचं सगळ्या ऐकतात ती. मंत्री म्हणजे जिला लिहिता येतं ती. मी शहाद्याकडच्या एका गावात दहावी झालेली, लग्नानंतर सुरतेत येऊन दुकानांच्या पाट्या वाचत गुजराती शिकलेली. त्यामुळे वही माझ्याकडे आली.

नवरा उधन्याला लूमच्या खात्यावर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, होता. तिथलं भाडं परवडेना म्हणून आम्ही चलथाणच्या पुढे, उसाच्या शेतांना लागून असलेल्या एका गावात राहायला गेलो. तिथं खानदेशातली पंधरा-वीस घरं आधीच होती. पुरुष सकाळी रिक्षात कोंबून उधन्याला जायचे आणि आम्ही बायका घरी साड्यांचं काम करायचो. पर्वत पाटियाच्या बाजूनं टेम्पो यायचा, गठ्ठे टाकून जायचा. कुणी धागे कापायचं, कुणी लेस लावायचं, कुणी खडे चिकटवायचं. एका साडीमागे काय मिळायचं ते सांगायला आजही लाज वाटते.

मंडळ सुरू केलं ते अक्कांनी, प्रमुखही त्याच. अक्का धुळ्याकडच्या, आमच्यात सगळ्यांत मोठ्या. घर स्वतःचं, वर दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या. त्याआधी अडीअडचणीला आम्ही किराणावाल्याकडे जायचो. तो व्याज सांगायचा नाही, नुसता मान हलवायचा, आणि फेडताना कळायचं की किती मान हलवली होती. एका बाईची पोत त्याच्या गल्ल्यात दोन वर्षं पडून राहिली, शेवटी तिनं ती मागायचंच सोडलं. तालुक्याहून सरकारी योजनेची एक बहेन आली, मंडळ काढा म्हणाली, तेव्हा अक्कांनी दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन बायका गोळा केल्या. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी अक्कांबद्दल जे सांगणार आहे त्यात हे विसरायला होईल. त्या बाईमुळे आमच्यापैकी कितीजणींनी पहिल्यांदा बँकेची पायरी चढली. मी स्वतः चढले.

दर महिन्याच्या पाच तारखेला दुपारी बैठक. प्रत्येकीनं शंभर रुपये आणायचे, ते डब्यात टाकायचे, मी वहीत मांडायचे. पण बँकेत खातं उघडायला निदान दहाजणी हव्या होत्या आणि आम्ही नऊ होतो.

दहावी होती ती पिकोवाली. गल्लीच्या टोकाला राहायची, दारावर हातानं रंगवलेली पाटी, 'पिको फॉल'. नवरा रंगाईच्या मिलमध्ये कामाला. पिंपळनेरच्या पुढचं कुठलंतरी गाव. तिच्या घरात समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती आणि तिच्या शेजारी बुद्धाची. आम्ही बाकीच्या सगळ्या हिंदू, त्यातही निम्म्या अक्कांच्या नात्यातल्या. तिला मंडळात घ्यायचं की नाही यावर दोन बैठका झाल्या. खरं कारण कुणी तोंडातून काढलं नाही. तिचं घर लांब पडतं, असं म्हणाल्या. तिचं घर चाळीस पावलांवर होतं. शेवटी दहा हव्या होत्या म्हणून तिला घेतलं, आणि तिला घेतलं याचं आम्ही आपापसात कौतुकही करून घेतलं.

बैठक पाळीपाळीनं एकेकीच्या घरी व्हायची. तिच्या घरी पहिली बैठक झाली तेव्हा तिनं दहाही कप नवे आणले होते, त्यांवरचे चिकटलेले कागद पुरते निघाले नव्हते. त्या दिवशी आमच्यातल्या सातजणींना उपास निघाला. तिनं कप परत आत नेले. मी चहा प्यायले. त्याचा मला बरेच दिवस अभिमान वाटत होता.

नियम लिहिले ते त्याच बैठकीत. पहिल्या पानावर, माझ्या अक्षरात, आठ नियम. सहावा नियम तिनं सुचवलेला. ती म्हणाली, "घरात मोठं दुखणं निघालं तर हप्ता भरायला बाई कुठून आणेल? तीन महिने तरी थांबायला हवं. तोवर मंडळाच्या शिलकेतून बँकेचं भरावं. नंतर ती बाई व्याजासकट भरेल."

अक्कांना पटलं. "लिख मंत्रीबाई," त्या म्हणाल्या, आणि मी लिहिलं. सभासदाच्या घरात मोठं आजारपण आल्यास तीन महिने हप्ता थांबवता येईल.

दीड वर्षानं बँकेनं मंडळाला पहिलं कर्ज दिलं. आम्ही ते वाटून घेतलं. कुणी म्हैस घेतली, कुणी छपरावर पत्रे घातले, आणि दोघीतिघींनी, खरं सांगायचं तर, किराणावाल्याचं मिटवलं. पिकोवालीनं मोटर लावलेलं नवं मशीन घेतलं. त्या मशीनवर ती पायमशीनच्या तिप्पट साड्या काढायची. कडोदऱ्यापासून बायका तिच्याकडे साड्या आणायला लागल्या. बैठकीला ती सगळ्यांच्या आधी येऊन बसायची आणि पैसे जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पाकिटातून काढून माझ्यापुढे ठेवायची. सुट्टे, मोजलेले. "ताई, माझं आधी लिहा," म्हणायची. तिची एकही पाच तारीख कधी चुकली नाही.

नियम सहा पहिल्यांदा लागला तो अक्कांच्या जावेला. तिच्या मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. तीन महिने तिचा हप्ता मंडळानं भरला. कुणी चर्चा केली नाही. मी वहीत त्या ओळीपुढे 'नियम ६' असं लिहिलं, एवढंच. बैठकीत पिकोवालीच म्हणाली होती, "घाई नको, पोराला आधी नीट होऊ दे."

त्यानंतर वर्षभरानं तिच्या नवऱ्याचे पाय भाजले. मिलमध्ये उकळत्या पाण्याचा पाइप सुटला आणि दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत. सरकारी दवाखान्यात तो महिनाभर होता. मिलच्या माणसानं पहिल्या आठवड्याला पैसे आणून दिले. नंतर ती विचारायला गेली तेव्हा तिला सांगितलं, हा आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदार म्हणाला, मी त्याला त्या मशीनजवळ उभं राहायला सांगितलंच नव्हतं. ती सकाळी डबा घेऊन शहरात जायची, संध्याकाळी परत. मशीन झाकलेलं. गिऱ्हाइकं एकदोनदा आली, दाराला कुलूप बघून दुसरीकडे गेली.

पहिल्या महिन्याचा हप्ता तिनं भरला. कसा ते मी विचारलं नाही, पण तिच्या कानात काही नव्हतं. दुसऱ्या महिन्याला अर्धा आणला. तिसऱ्या महिन्याला रिकाम्या हातानं आली आणि उभी राहूनच म्हणाली, "मला नियम सहा द्या."

आता त्या महिन्यात आणखी काय काय चाललं होतं ते सांगायला हवं, नाहीतर मी माझ्यापुरती सोपी गोष्ट सांगितली असं होईल.

बँकेचं पहिलं कर्ज संपत आलं होतं आणि दुसरं, त्याच्या चौपट, मिळणार होतं. बँकेच्या साहेबानं सांगितलं होतं, तुमचा रेकॉर्ड स्वच्छ आहे, असाच ठेवा. तालुक्यात चांगल्या मंडळांचा सत्कार होणार होता आणि त्या बहेननं आमचं नाव पुढे पाठवलं होतं. आणि माझ्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पहिली फी भरायला चाळीस हजार कमी पडत होते. मी मंडळाकडे अर्ज दिला होता, माझ्याच हातानं लिहून माझ्याच वहीत ठेवला होता. त्यावर अक्कांची सही व्हायची होती.

बैठक अक्कांच्या ओट्यावर होती. पिकोवालीनं मागितलं तेव्हा सगळ्या अक्कांकडे बघायला लागल्या.

अक्का म्हणाल्या, "तो नियम सभासदना आजारपणले शे. तू तं धडधाकट शे ना?"

"घरातल्या आजारपणाला आहे, अक्का. घरात असं लिहिलंय."

"घर म्हणजे पोरंबाळं. नवरा कमावता माणूस, त्यानं मिलकडून घ्यावं."

"मिल देत नाही."

"मंग मंडळनी काय मिल चालू करी शे का?" अक्कांची जाऊ हसली. अपेंडिक्सवाल्या पोराची आई. मला अजून ते हसू ऐकू येतं, कारण तिच्या हसण्यानं बाकीच्यांना हसायची परवानगी मिळाली.

पिकोवाली माझ्याकडे वळली. "ताई, वाचा ना. पहिल्या पानावर आहे."

वही माझ्या मांडीवर होती. पहिलं पान उलटायला हात हलवायचा होता फक्त. मी म्हणाले, "तसं ते स्पष्ट लिहिलेलं नाही. दोन्ही अर्थ निघतात."

हे वाक्य मी म्हणाले. कुणी मला शिकवलं नव्हतं, कुणी खुणावलं नव्हतं. अक्कासुद्धा माझ्याकडे जरा चकित होऊन बघत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "आज हिले सोडं ते उद्या कोन भरी? बँकवाला काय तिना नवराना पाय दखाले येस का? आपला मंडळनं नाव खराब व्हई."

ठरलं असं की आठ दिवसांत पैसे आले नाहीत तर मशीन मंडळात जमा करायचं. कर्ज मशीनसाठी होतं, म्हणजे मशीन मंडळाचंच, असा हिशेब कुणीतरी मांडला. म्हैस मंडळाची आहे असं म्हैसवालीला कधी कुणी म्हणालं नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी आम्ही पाचजणी गेलो. अक्का, त्यांची जाऊ, त्यांची सून, आणखी एक आणि मी. बाहेर हातलारी उभी केली होती. मला वाटलं होतं ती भांडेल. मी मनात त्याची तयारी करून गेले होते. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं, कारण मग मला तिचा राग आला असता.

ती मशीनवर बसली होती. नवरा आतल्या खाटेवर, पायांवर पातळ साडी ताणून टाकलेली. आम्हाला बघून तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "एवढी एक साडी संपू द्या. गिऱ्हाइकाची आहे, संध्याकाळी नेणार आहे."

आम्ही बसलो. बसायला तिनं सतरंजी आधीच टाकलेली होती. साडी मोरपंखी रंगाची होती. तिनं काठ पुरा केला, दोरा दातानं तोडला, साडी उलटीसुलटी करून बघितली, घडी घातली. मग मशीनच्या सुईखालचं बॉबिन काढून घेतलं. मशीन पुसलं. तेलाची छोटी बाटली काढून दोन जागी तेल सोडलं आणि फडक्यानं जास्तीचं टिपलं. अक्कांची सून म्हणाली, "आता तेल कशाला?"

"रोज घालते," ती म्हणाली.

मग मला म्हणाली, "ताई, लिहून घ्यायचं असेल ना?"

मी वहीत लिहून आणलंच होतं. तिनं वही हातात घेतली. ती नववीपर्यंत शिकलेली आहे हे मला माहीत होतं, पण ती वाचेल असं मला वाटलं नव्हतं. आमच्यात कुणी वाचत नाही, मी दाखवते तिथे सही करतात. तिनं मोठ्यानं वाचलं. "'मी माझे शिलाई मशीन कर्जफेडीपोटी स्वखुशीने मंडळाकडे जमा करीत आहे.'" मग तिनं विचारलं, "स्वखुशीने?"

"तसं लिहावं लागतं," मी म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. बँकेच्या कागदांवर तसले शब्द असतात, ते मला आवडायचे, म्हणून मी घातला होता. खाटेवरून तिचा नवरा म्हणाला, "सही कर. जाऊ दे त्यांना." तिनं सही केली. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, खाली तारीख. इतकी नीट सही माझ्या वहीत दुसरी नव्हती.

मशीन आम्ही पाचजणींनी उचललं. दारातून निघेना, तर तिनं पुढे होऊन एक बाजू धरली आणि कसं वळवायचं ते दाखवलं.

मशीनची किंमत अक्कांनी ठरवली, नऊ हजार. दुकानात निदान अठरा हजाराला गेलं असतं. विकत घेतलं अक्कांच्याच सुनेनं. तेवढ्यानं कर्ज फिटत नव्हतं म्हणून पिकोवालीची मंडळातली बचत उरलेल्यात वळती करून घेतली. खातं शून्यावर आलं. बँकेचा हप्ता तारखेच्या आत भरला गेला. त्याच संध्याकाळी अक्कांनी माझ्या अर्जावर सही केली. पेन परत देताना त्यांनी नुसता माझ्या हातावर हात ठेवला. त्या स्पर्शात काय होतं ते आम्हा दोघींना समजलं होतं.

दोन महिन्यांनी पिकोवाली नवऱ्याला आणि मुलीला घेऊन गावी निघून गेली. सामान टेम्पोत चढवत होती तेव्हा मी दार लावून आत धागे कापत बसले होते. टेम्पोचा आवाज गेल्यावर बाहेर आले. पाटी तशीच होती. नव्या भाडेकरूनं ती नंतर काढली.

सत्कार तालुक्याच्या ठिकाणी एका सभागृहात झाला. आम्ही सगळ्यांनी सारख्या साड्या घेतल्या होत्या, मंडळाच्या पैशातून. शंभर टक्के वसुली असं प्रशस्तिपत्र मिळालं, प्रत्येकीला एक स्टीलचा डबा मिळाला. मंचावरच्या साहेबांनी विचारलं, एवढ्या वर्षांत एकही हप्ता बुडाला नाही, हे तुम्ही कसं जमवलं? मला बोलायला उभं केलं, कारण गुजराती मला येत होतं. मी म्हणाले, आम्ही परगावच्या बायका, पण आमच्यात कुटुंबासारखी एकी आहे. एखादीवर वेळ आली की बाकीच्या उभ्या राहतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा आवाज छान लागला होता, असं घरी येताना अक्कांची जाऊ म्हणाली. मला ते आवडलं होतं. हे लिहिताना हात अडतो, पण मला ते खरंच आवडलं होतं.

माझी मुलगी शिकली. तीन वर्षांनी सुरतेतच एका खासगी दवाखान्यात लागली. एकदा सुट्टीच्या दिवशी जेवताना ती सांगत होती की त्यांच्या वॉर्डात एक भाजलेला मिल कामगार आहे, त्याच्या बायकोला रोज किती लांबून यावं लागतं. मग एकदम म्हणाली, "आई, आपल्या गल्लीतल्या त्या पिकोवाल्या मावशींचं काय झालं? माझा शाळेचा ड्रेस त्याच शिवायच्या ना?" मी म्हणाले, गावी गेल्या. तिनं विचारलं, का? मी भाजी वाढायला उठले.

तेवढ्यानं मी बदलले असं नाही. पण झोपेत सुद्धा ते 'स्वखुशीने' माझ्या कानाशी यायला लागलं. पुढच्या वर्षी माहेरी लग्न होतं, तेव्हा मी माझ्या साड्यांच्या कामातून साठवलेले नऊ हजार बरोबर घेतले. मशीनच्या खऱ्या किमतीत आणि आम्ही लावलेल्या किमतीत जो फरक होता तेवढे. लग्न झाल्यावर बस पकडून पिंपळनेरला आणि तिथून पुढे विचारत विचारत तिच्या गावी गेले.

ती शेतातून नुकतीच आली होती, कांद्याच्या मजुरीवर. हातापायाला माती. नवरा दारात खुर्चीवर बसून बिडीकाडी, गोळ्या-बिस्किटं असलं विकत होता. मला त्यांनी ओळखलं. तिनं हात धुतले, पाणी दिलं, सुरतेच्या गल्लीची चौकशी केली. पाऊसपाणी विचारतात तशी. मी पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं आणि काय आहे ते सांगितलं.

तिनं पाकिटाला हात लावला नाही. "हे मंडळानं पाठवलं की तुम्ही आणलं?"

"मीच आणलं."

"मग नको, ताई."

"घ्या हो. तुमचेच आहेत."

"माझे असते तर मंडळानं दिले असते." ती रागानं बोलत नव्हती. "तुमच्याकडून घेतले की तुम्ही इथून मोकळ्या होऊन जाल. वहीत मात्र तेच राहील. माझी पोरगी दहावीला आहे. ती मला विचारते, आई, तू मशीन आपणहून दिलंस का गं? कुणीतरी इथपर्यंत तसं पोचवलंय, की ती स्वतः देऊन गेली. मी काय सांगू तिला?"

मी पाकीट परत पिशवीत ठेवलं.

"पैसे नाही दिले तरी चालतील," ती म्हणाली. "मंडळाकडून एवढंच लिहून आणा, की नियम होता आणि आम्ही तो हिला लावला नाही. तुम्हा नऊजणींच्या सह्या. आणाल?"

मी आणते म्हणाले. त्या क्षणी मला खरंच वाटलं होतं की मी आणीन.

पुढच्या पाच तारखेच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. कुठे गेले होते, कशाला गेले होते. मग वहीचं पहिलं पान उघडून नियम सहा वाचला. मग अक्कांच्या जावेच्या नावापुढचं 'नियम ६' वाचलं. बैठकीत तोवर पाचसहा नव्या बायका आलेल्या होत्या, त्यांना हे काहीच माहीत नव्हतं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

अक्कांची जाऊ म्हणाली, "माझ्या पोराचं पोट फाटलं होतं. ते आणि हे सारखंच का?"

अक्का आता थकल्या होत्या, भिंतीला टेकून बसायच्या. त्या मला म्हणाल्या, "आते जुनं कसाले उकरस? तवय तू काय म्हनी व्हती, याद शे का? दोन्ही अर्थ निघतस, असं तूच सांगी व्हतं."

"चुकलं होतं माझं," मी म्हणाले.

"मंग तू लिख. तू सही कर. आम्ही कसाले?"

मी विचारलं, कोण कोण सही करेल? कुणीच हात वर केला नाही. एका नव्या बाईनं जरा हालचाल केली, पण तिच्या शेजारणीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग चहा आला आणि बोलणं टेम्पोवाल्याच्या थकलेल्या पैशांवर गेलं.

मी मंत्रीपद सोडलं. वही आता अक्कांच्या सुनेकडे असते. ती मोबाइलमध्येही हिशेब ठेवते, चांगला ठेवते. मंडळ मात्र मी सोडलेलं नाही. नवऱ्याचं लूमचं खातं बंद पडलं, तो आता दुसरीकडे निम्म्या पगारावर जातो, आणि घराच्या वरच्या खोलीसाठी मी मंडळातून कर्ज काढलेलं आहे. दर पाच तारखेला जाते, पैसे देते, दाखवतील तिथे सही करते.

त्या गावी मी परत गेले नाही. तिच्या नवऱ्याचा नंबर मी तेव्हा घेतला होता. बरेच महिने वाटत होतं की निदान सांगावं, विचारलं होतं पण झालं नाही. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी लावला. फोन तिनंच उचलला. मागे बकरीचा आवाज येत होता.

"कौन?" तिनं हिंदीत विचारलं.

मी उठून दार लावलं.

"कौन बोल रहा है?"

"राँग नंबर," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला.